कोनाच्या पोटचा

माय गेली त्या दिवशी तिनं सकायीच भिताडाकडं तोंड केलं, ते जीव जाईपर्यंत फिरवलं नाही. दारात काकूचा उकंडा उभा होता म्हनून.

मी म्हनलं, "माय, इकडं पाय. उकंडा आला."

"दिसला मले."

"मंग बोल न त्याच्याशी."

"बोलली तं. परवा बोलली."

"परवा बकरीले पाला टाक एवढंच बोलली तू."

"मंग टाकला का त्यानं?"

पोट फुगून मटक्यासारखं झालं होतं तिचं. डोये हयदीसारखे पिवये. अकोल्याच्या डॉक्टरनं आठ दिवसाआधीच सांगितलं होतं, घरी घेऊन जा, जे खाईन ते खाऊ द्या. एकोनऐंशी सालचा उन्हाया. जऊळक्याच्या आमच्या घरावर टिनं तापून राह्यले होते, अन मी ओल्या फडक्यानं तिचे पाय पुसून राह्यली होती. उकंडा चौकटीले धरून उभा. त्याचा डावा गुडघा वाकत नाही, म्हनून तो कुठंबी गेला तं बसत नाही, टेकून उभाच राह्यते.

तो म्हने, "काकू, आता तं सांग."

मायनं हात मागं करून त्याले जाय जाय केलं, जशी कोंबडी हाकलते.

"मी मरत नाही व. पाय इकडं. उभा हाय न मी."

"चूप बैस," माय भिताडाले म्हने. "घरी जाय. तुही माय वाट पाहून राह्यली."

तो गेला नाही. मायनं तोंड फिरवलं नाही. दोन वाजताची छोटी गाडी शिट्टी मारून गेली, तवा मी तिच्या नाकाशी हात नेला तं वारा नव्हता. मग आमीच तिले इकडं वयवलं. उकंड्यानं तवा तिचं तोंड पाह्यलं.

हे असं काहून झालं ते आता सांगते. माह्या मायचं नाव चंपाबाई. लोकायले वाटे लय खमकी बाई हाय. ते खरंच होतं. पन आतून ती वीस-बावीस वर्स एका गोठीत अडकून पडली होती, अन आमाले ते ठावूक नव्हतं.

माह्या आधी मायले तीन पोरं झाले. पयला सातव्या दिवशी गेला. बेंबीतून रक्त येऊन राह्यलं, थांबेच ना. हयद लावली, राख लावली, सुईन म्हने नशीब. दुसरा रांगता होता. ओट्यावरून पडला, वरचा ओठ फाटला, जराशी जखम. तीन दिवस रक्त गेलं अन पोट्टं पांढरं फक पडून गेलं. तिसरा झाला तवा मोहल्ल्यातल्या बायका म्हनाल्या, चंपे, मरनानं तुहं घर वयखलं. आता हे लेकरू तुहं म्हनू नको.

माहा बाप जानराव रेल्वेच्या गँगमधी होता. छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला होता, घरातले सारे देव नदीत टाकले होते. त्याच्यापुढं असल्या गोठीचं नावबी काढता येत नव्हतं. तो लाइनीवर कामाले गेला असताना मायनं काम केलं. लेकराले सुपात घातलं, गावाबाहेरच्या उकंड्यावर, म्हनजे शेन-कचऱ्याच्या ढिगावर नेऊन ठेवलं, अन पाठ फिरवून आली. मागून माही काकू केशरबाई गेली. ती माह्या काकाची बायको, तिले लेकरू नव्हतं. तिनं उकंड्याले सवाशेर कोंडा देल्ला अन लेकरू इकत घेतलं. आता ते लेकरू तिचं. नाव उकंडा. कचऱ्याच्या ढिगावरचं लेकरू मरन कायले नेते?

पन त्याचा एक नेम हाय. जल्म देल्ल्या मायनं त्याले आपलं म्हनायचं नाही. कधीच नाही. म्हनलं की मरन ऐकते.

संध्याकायी बाप घरी आला. म्हने, "देव टाकून देल्ले आपन, अन तुमी मरनाशी सौदे करून राह्यल्या?" दोन दिवस भाकर खाल्ली नाही त्यानं. मग मायचं रडनं पाहून म्हने, "ठेव केशरकडं. पन नाव आनंद." मेला तोवर तो एकटाच त्याले आनंद म्हने. मी दहा वर्साची असताना तो ताप येऊन गेला.

दूध मायनंच पाजलं. काकूच्या घरी जाऊन, पदर डोक्यावरून तोंडावर ओढून, म्हनजे मरन समजन की पाजनारी दुसरी बाई हाय. मी त्याच्यानंतरच्याच वर्सी झाली. मले लहानपनापासून एवढंच ठावूक, उकंडा काकूचा लेक, माहा चुलतभाऊ. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यायले खरं ठावूक होतं, पन बोलते कोन? बोलनाऱ्याच्या माथी लेकराचं पाप.

उकंडा जगला. म्हनून मायचा त्या कोंड्यावर इश्वास बसला, तो बसलाच. खरं तं त्याच्याबी अंगात तेच होतं. खेयता खेयता ढोपर आपटलं की आठ दिवस सुजलेलं. दात पडला की उशी लाल. शाया तिसरीत सुटली. काकू त्याले कापसात ठेवल्यावानी ठेवे. पन तो जित्ता होता, अन मायसाठी तेवढं पुरं होतं.

माहं लगन पंच्याहत्तर साली झालं, नागपूरले, इंदोऱ्यात. मालक गोविंदा, मिलमधी कामाले. पुढच्या वर्सी मले दिवस गेले, अन त्याच महिन्यात उकंड्याचा गुडघा असा सुजला की चड्डी चढेना. काकू अन माय त्याले घेऊन छोट्या गाडीनं अकोल्याले, तथून मोठ्या गाडीनं नागपूरले आल्या. मोठ्या दवाखान्यात भरती केलं. मी रोज डबा घेऊन जाऊ.

तथी डॉक्टरायनं त्याचं रक्त काचेच्या नईत घेतलं, घड्याय लावून पाह्यलं. गोठेच ना. मग एक दिवस मोठे डॉक्टर आले, पन ते हाडाचे नव्हते, बायंतपनाचे होते. त्यायच्या मागं आठ-दहा शिकाऊ डॉक्टर, त्यात एक दानी नावाची बाई. बारीक, चष्म्यावाली, बायंतपनाची डॉक्टरीन व्हायले शिकून राह्यली होती. मायनं मले हळूच म्हनलं, "पोट्ट्याच्या गुडघ्यात बायंतपन कुठून आलं व?"

मोठ्या डॉक्टरले ऐकू गेलं. ते हासले. म्हने, "बाई, गुडघा ह्याचा आहे, पण आजार आईकडून आलाय. म्हणून मी ह्या लोकांना इथं आणलंय." मग शिकाऊ पोरायकडं वयून मराठीतच बोलले, आमाले समजावं म्हनून असन. म्हने, हे घराण्यात उतरतं. बाईला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या मुलाला होतं, आणि तिच्या मुलीकडून पुढं नातवाला. म्हणून मुलगा दवाखान्यात आला की तुम्ही त्याच्या घरातल्या बायकांना शोधायचं. कोण गरोदर आहे ते बघायचं. नाहीतर ती बाळंतपणाला येते, मूल अडतं, आपण चिमटा लावतो, आणि मुलाच्या डोक्यात रक्त साचतं. मग आपण म्हणतो, नशीब. नशीब नाही ते, आपण विचारलं नाही.

माय खाटेच्या दांडीले धरून उभी होती. मले वाटलं उभं राहून पाय दुखले तिचे.

दानी बाईनं कागद घेतला. मानसाले चौकोन, बाईले गोल, दुखनं असन तो चौकोन पेनानं काया करायचा. उकंड्याचा काया चौकोन काढला अन इचारलं, "आई कोण?"

काकू म्हने, "मी."

"आणखी मुलं?"

"नाही. हाच एक."

"तुमच्या बहिणी, भाऊ?"

काकूनं सारे सांगितले. तिच्या घरी कोनाले काहीच नव्हतं. कागदावर गोलावर गोल आले, सारे पांढरे. मग दानी बाईनं मायकडं पाह्यलं. "तुम्ही कोण?"

"मी त्याची मोठी काकू," माय म्हने. मग तिनं इचारलं, "माही ही पोरगी हाय. पोटुशी हाय. हिले काही भेव?"

दानी बाईनं मोठ्या डॉक्टरकडं पाह्यलं, मग सांगितलं, अन पाठ झालेला धडा म्हनल्यासारखी खूश होऊन सांगितलं. "नाही काकू. ही त्याच्या वडलांच्या बाजूची. हे आईकडून येतं. तुमच्या मुलीला काही नाही, निवांत राहा."

काकू हासली. म्हने, "ऐकलं न? निवांत राय."

मले एवढंच वाटलं, चांगलं झालं. दानी बाईनं मायले हे इचारलंच नाही की तुमचे लेकरं किती, मेले किती. कागदावर माय बाहेरची होती न. बाहेरच्या बाईले कायले इचारते?

उकंडा महिन्यानं घरी गेला. माय सातव्या महिन्यात परत आली माह्याकडं, बायंतपनाले. दोन महिने राह्यली, अन ते दोन महिने मले मायच समजली नाही. भाकर थापता थापता हात थांबे. रातच्याले उठून बसे. मी इचारलं, "माय, काय झालं?" तं म्हने, "मच्छर."

दर मंगयवारी मले तपासाले घेऊन जायची. दानी बाईपुढं बसायची, तोंड उघडायची, मिटायची.

"काय काकू, काही विचारायचंय?"

"नाही."

एक डाव म्हने, "बाई, समजा हं, एखांद्या बाईनं लेकरू दुसरीले देल्लं. तं ते दुखनं कोनाकडून येते, देनारीकडून का घेनारीकडून?"

बाहेर चायीस बाया रांगेत. दानी बाई लिहिता लिहिता म्हने, "समजा नको काकू. कोण आहे ते सांगा, म्हणजे तिलाच बघते."

माय म्हने, "कोनी नाही. असंच. गोठ ऐकली होती."

दारातून बाहेर येताना मी म्हनलं, "काय व, कोनाची गोठ?" तिनं असं पाह्यलं माह्याकडं की मी पुढं चालू लागली. आता समजते. ती एकीकडून पाहे तं उकंडा मरे, दुसरीकडून पाहे तं माह्या पोटातलं मरे. दोन्ही आपलेच, अन बोलायचं तोंड एकच. त्यात काकूनं गावाहून निरोप पाठवलेला, उकंडा बरा हाय, तू तोंड सांभाय.

कया सुरू झाल्या त्या दिवशी आमी पहाटेच दवाखान्यात गेलो. दिवसभर लेकरू अडलेलं. दुपारी आया बाहेर येऊन मायले म्हने, "घाबरू नको बाई, आता चिमट्यानं काढतात." आतमधी मी टेबलावर. लोखंडाचा खनखन आवाज आला, तो मले अजून ऐकू येते.

मंग दारात मायचा आवाज. "बाई! दानी बाई! माह्या पोरीले चिमटा लावू नका."

"काकू, बाहेर थांबा."

"लावू नका."

"कारण सांगा. बाळ अडलंय, वेळ नाही मला."

मायनं इकडं तिकडं पाह्यलं. आया होती, दोन नर्सा होत्या. ती दानी बाईच्या कानाशी गेली अन कानात बोलली. मरनाले ऐकू जाऊ नये म्हनून असन.

दानी बाई म्हने, "मोठ्यानं बोला काकू, काही कळत नाही."

माय परत कानात बोलली. परत नाही कयलं.

"काकू, मोठ्यानं!"

मंग माय ओरडली. साऱ्या खोलीत ओरडली. "उकंडा माहा हाय! माह्या पोटचा हाय तो! त्याच्या आधीचे दोघं असेच रक्त जाऊन मेले माहे!"

मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकलं. मले कया येत होत्या अन मले भाऊ झाला होता.

दानी बाईनं चिमटे खाली ठेवले. तिचं तोंड असं झालं होतं जसं कोनं तिच्या थोबाडीत मारली. मग ती पयाली. मोठे डॉक्टर आले. मालकाचं रक्त घेतलं, आनखी कोना कोनाचं घेतलं, बाटल्या तयार ठेवल्या. अन पोट चिरून लेकरू काढलं. पोरगा. डोक्याले ओरखडाबी नाही. तिसऱ्या दिवशी बेंबीतून रक्त आलं, माह्या पयल्या भावाले आलं होतं तसंच. पन आता त्यायले ठावूक होतं. मांडीत सुई टोचू देल्ली नाही कोनाले, रक्तावरचं पिवयं पानी शिरेतून देल्लं, दोन दिवसानं थांबलं. पोरगं जगलं.

दानी बाई रोज येऊन त्याची बेंबी पाहे. एक दिवस मले म्हने, "लीला, मी तुला निवांत राहा म्हटलं होतं."

मी म्हनलं, "तुमाले कोनी सांगितलंच नाही तं बाई."

"मी विचारलं कुठं?"

बाराव्या दिवशी मोठे डॉक्टर म्हने, चंपाबाईला वर्गात आणा. मी चालत होती, लेकरू घेऊन मीबी गेली. वीसेक शिकाऊ डॉक्टर, समोर फया. दानी बाईनं सारं घरानं खडूनं काढलं होतं. आधीचं चुकलेलं एका बाजूले, नवं दुसऱ्या बाजूले. नव्यात माय मधोमध, तिच्याखाली तीन चौकोन, माहा गोल, माह्याखाली एक चौकोन.

मोठे डॉक्टर दानी बाईले म्हने, "चूक कुठं झाली, सांगा सगळ्यांना."

ती उभी राह्यली. "मी आई कोण विचारलं, सर. कोणाच्या पोटचा ते विचारलं नाही."

"आणि?"

"काकू म्हटल्यावर त्यांना पुढं काही विचारलंच नाही."

मोठे डॉक्टर मायकडं वयले. "बाई, ह्या सगळ्यांना तुमच्यासारख्या बायकांशी बोलायचंय आयुष्यभर. तुम्हीच सांगा, कसं विचारायचं?"

माय स्टुलावर बसली होती, पदर तोंडाशी. मंग म्हने, "सासूले आधी बाहेर काढा."

सारे हासले.

"हासू नका. सासू बसली असली तं बाई मेलेले मोजत नाही. अन बारशाच्या आधी मेलेलं कोनीच मोजत नाही, ते तुमी येगयं इचारा, बिननावाचे किती म्हना. अन नवऱ्याले तं इचारूच नका. त्याले आपलं पोट्टं मिशा फुटल्यावर वयखू येते."

पोरी लय हासल्या. एकानं वहीत लिहून घेतलं, बिननावाचे किती. मोठे डॉक्टर म्हने, लिहा, लिहा, पुस्तकात नाही हे.

माय मातर हासत नव्हती. ती फयाकडं पाहून राह्यली होती. एक पोरगा खडू घेऊन उठला अन समजावता समजावता उकंड्याचा चौकोन घासून घासून भरू लागला. मायनं माहा हात धरला. नखं रुतली माह्या हातात. मले म्हने, "त्यायले सांग, ते पुसा. लय मोठं दिसून राह्यलं ते. दुरून दिसते."

मी दानी बाईले म्हनलं. तिनं तास संपल्यावर स्वतः पुसलं, ओल्या फडक्यानं, दोन डाव.

जऊळक्याले माय परतली अन तिनंच काकूले सांगितलं. कोनी दुसऱ्यानं सांगायच्या आधी. मी दुसऱ्या महिन्यात लेकरू घेऊन गेली तवा दोघीयचं बोलनं बंद होतं. मी गेली म्हनून काकू आली, पन उंबऱ्याच्या आत नाही.

"सवाशेर कोंडा देल्ला होता म्या," काकू म्हने. "एकोनीस वर्स झाले. आता इकलेलं लेकरू परत मांगते का व?"

"परत नाही मांगत, केशर. तुहाच हाय तो."

"मंग तथी फयावर मले काहून पुसलं?"

काकू माह्या पोराकडं पाहून राह्यली. मंग म्हने, "तुहा नातू वाचला. चांगलं झालं. आता माह्या पोराचं काय होते ते पाह्यजो."

अन त्या दिवसापासून माय पाहून राह्यली. तीन वर्स. उकंडा सकायी खोकलला की ती हातातलं काम सोडे. तो ठेचायला की ती दारात येऊन जमिनीवर रक्त शोधे. वर्स झालं, काही झालं नाही, तं तिले वाटे मरन उधारी ठेवून राह्यलं. दोन वर्स झाले, तरी तेच. मी नागपूरहून आली की इचारे, "दानी बाई काय म्हनते? मेलं असतं तं एवढ्यात मेलं असतं का?" मी सांगू, "बाई म्हनते बोलल्यानं काही होत नाही माय, रक्तातच काहीतरी कमी हाय." माय म्हने, "बाईले कोंडा कुठं द्या लागला?"

उकंड्याले सारं कयलं होतं. गाव लहान. तो रागावला नाही, ते लय झालं. तो फकत रोज यायचा, चौकटीले टेकायचा अन हासत इचारायचा, "काकू, आज सांगतं का?"

"काय सांगू?"

"मी कोनाचा ते."

"केशरचा. चाल निंग."

"दवाखान्यात वीस डॉक्टरायले सांगितलं म्हनते तू. मले एकट्याले सांगाले काय झालं?"

"त्यायचं मरन त्यायच्यापाशी. तुहं माह्यापाशी हाय. निंग म्हनलं न."

मंग तिची भाजी तो खाऊन जाये, उभ्यानंच. जाताना रोज म्हने, "उद्या येतो, काकू." एकदा मी त्याले म्हनलं, "दादा, काहून छयतं तिले?" तो म्हने, "मी कुठं छयतो? बाप आनंद म्हने मले. त्याले भेव नव्हतं. इले एक डाव म्हनू दे. एकच." दोघंबी खरे होते, अन मधी चौकट होती.

म्हनून म्हनलं, शेवटच्या दिवशी तो दारात होता अन ती भिताडाकडं. तिले वाटलं असन की मरन तं घरात आलंच हाय, खाटेपाशी उभं हाय. आता जर ह्याच्याकडं पाह्यलं अन तोंडातून निघून गेलं, तं मरन एकाच खेपेत दोघायले नेईन.

माती झाली. इस्तव धरला मोहल्ल्यातल्या एकानं, उकंड्याले कोनी म्हनलं नाही अन तोबी पुढं आला नाही. वंदना झाली. काकू आली होती, दूर बसली. रडली नाही.

चवथ्या दिवशी कोतवाल भिवाजी आला, जल्मल्या-मेल्याची वही घेऊन. अंगनात लिंबाखाली बसला. मी पानी देल्लं. काकू ओट्यावर तांदूय निवडून राह्यली होती, पावन्यायच्या जेवनासाठी. उकंडा खांबाले टेकलेला.

"नाव चंपाबाई जानराव," भिवाजी लिहित लिहित म्हने. "वय काय लावू व लीला?"

"पन्नास लावा, काका."

"दुखनं, कावीय. बरं. खबर देनार कोन? घरातला मानूस पाह्यजे."

उकंडा म्हने, "मी."

"नातं?"

उकंड्यानं काकूकडं पाह्यलं. भिवाजी म्हातारा मानूस, त्याले सारं ठावूक होतं. त्यानं वहीतून डोकं वर काढलं नाही. म्हने, "पुतन्या लिहू न मंग?"

काकूचं सूप थांबलं.

"लेक लिही," काकू म्हने.

"केशर, वहीत एक डाव आलं की खोडता येत नाही मले."

"कान फुटले का बे तुहे? लेक लिही."

भिवाजीनं लिहिलं. लेखनीचा करकर आवाज आला. त्यानं वही मिटली, टोपी नीट केली अन राम राम करता करता जयभीम म्हनून निघून गेला. काकू सूप ठेवून उठली. उकंड्यापाशी गेली अन त्याची हनुवटी धरून म्हने, "आ कर."

एवढा बावीस वर्साचा गडी, त्यानं लहान पोरावानी तोंड उघडलं. काकूनं उजेडाकडं त्याचं डोकं वयवलं, बोटानं वरच्या हिरड्या पाह्यल्या, मंग खालच्या, मंग जिभेखाली. बोट बाहेर काढून पाह्यलं. साफ होतं. ते तिनं पदराले पुसलं.

"आज दाताले काडी लावू नको," म्हने, अन तांदूय निवडाले बसली.